प्रज्ञा, त्या तेवीस रेघा माझ्या होत्या

ये, अशी इकडे ये. दारात उभी राहून हसू नकोस. चपला राहू देत, आधी बस बघू. काय गं बाई, ही काय जायची रीत झाली? दूध आणायला खाली उतरताना तू माझी कडी वाजवायचीस, "काकू, तुमची पिशवी आणू का?" आणि एवढ्या लांब निघालीस तर एका शब्दाने सांगितलं नाहीस. मी हॉस्पिटलात आले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, आणि तू मला ओळखतही नव्हतीस. मी म्हटलं, उद्या ओळखेल. उद्या काही उजाडलाच नाही. तू आणि तुझ्या पोटातलं, दोघं गेलात त्याला आज दीड महिना झाला, आणि मी अजून तुझ्यावर रागावलेय. राग संपला की रडायला लागेन, म्हणून तो पुरवून पुरवून वापरतेय.

तू किती शिकलीस, कुठे नोकरीला होतीस, ते तुझ्या ऑफिसातली माणसं लिहितील. मला ते जमायचं नाही. मी सातवी पास. पुढचं जे काय आलं ते रद्दीतले पेपर आणि डब्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचून आलं. मला आपलं जे आठवतंय ते लिहितेय. त्यातलं एक तर मला लिहायलाच हवं.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते खड्ड्यात. आम्ही लालबागची खोली सोडून मीरा रोडला आलो त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. शेजारच्या प्लॉटवर कोणा बिल्डरने पायासाठी खणायला घेतलं, खाली काळा पत्थर लागला, पुढे त्याचं काय बिनसलं देव जाणे, खड्डा तसाच सोडून गेला. एक दिवस मी गॅलरीत कपडे वाळत घालतेय, आणि बघते तर एक पोरगी ओढणी कमरेला खोचून त्या खड्ड्यात उतरलेली. पत्थराच्या भिंतीवर सुतळी ताणून चौकोन करतेय. मी ओरडले, "अगं ए, पडशील! कोणाची गं तू?"

तू वर बघून म्हणालीस, "तुमच्या समोरच्या दाराची! कालच राहायला आलो."

"मग सामान लावायचं सोडून तिथे काय करतेयस?"

"भेगा मोजतेय, काकू."

मी आमच्या ह्यांना जाऊन म्हटलं, समोर बिऱ्हाड आलंय, बाई जरा डोक्याने ही दिसते.

तसं काही नव्हतं, ते चार दिवसांतच कळलं. माझ्या ओट्याशी उभी राहून, चहा गाळता गाळता तू मला सगळं सांगितलंस. दगड आपल्याला गच्च वाटतो, पण त्याला बारीक बारीक चिरा असतात. पाणी दगडातून जात नाही, चिरांतून जातं. एक चीर दुसरीला मिळते, दुसरी तिसरीला, आणि पाणी वाट काढत जातं. आत शिरून कोणाला ते बघता येत नाही. म्हणून भेगांचा नकाशा काढायचा, कॉम्प्युटरला द्यायचा आणि त्यालाच पाणी सोडायला सांगायचं. खोटं पाणी, खोट्या भेगा, पण वागणूक खरी. "प्रत्येक फाट्यावर जेवढं येईल तेवढंच पुढे गेलं पाहिजे," तू म्हणायचीस. "कॉम्प्युटर आधी अंदाज धरतो, चुकतो, थोडं सुधारतो, परत चुकतो. असं हजारदा केलं की मग मेळ बसतो." मी म्हटलं, म्हणजे नव्या सुनेसारखं. तेव्हा तू किती हसलीस गं.

आणि तो काचेचा खेळ! भेग दुप्पट रुंद झाली तर पाणी दुप्पट नाही, आठपट जातं, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, थापा नको मारूस. तशी तू माझ्या भिंतीवरच्या दोन तसबिरींच्या काचा उतरवल्यास, कडेला पोस्टकार्डाच्या पट्ट्या घालून एकीवर एक ठेवल्यास आणि वरून पाणी सोडलंस. मग पट्ट्या दुहेरी केल्यास. मी आकडे म्हणत होते, एक, दोन, तीन. पहिल्या वेळी फुलपात्र भरेना. दुसऱ्या वेळी मी दहापर्यंत पोचायच्या आत भरून सांडलं. ओटा भिजला, माझं पातळ भिजलं, तसबिरी आठवडाभर बिनकाचेच्या राहिल्या. ह्यांनी विचारलं तर मी म्हटलं, सायन्स चाललंय.

तू ह्यात का पडलीस, ते मी एकदाच विचारलं. तुझं गाव परभणीकडचं. गावात दोन विहिरी, पन्नास पावलांच्या अंतरावर. त्यातल्या एकीवर तुझ्या आईला घागर घेऊन जाता यायचं नाही. तू लहानपणी बापाला विचारलंस, "खालून दोन्हीचं पाणी एकच असलं तर?" बाप विहिरी खोदायला जायचा, त्याला दगड कळायचा. तो म्हणाला, "असंल. पण बघितलंय कोणी?" एवढं सांगून तू कप विसळायला घेतलास. 

आता ते.

यंदा आपल्या बिल्डिंगमध्ये पाण्याने जीव नको केला होता. टँकर येईल तेव्हा येईल, आला की रांग, आणि बादल्या तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीने आवारात बोअर मारून घेतली होती. पाणी चांगलं लागलं होतं, नितळ. फक्त पंप बसवून नळाला जोडायचं बाकी होतं. तू सेक्रेटरींना, मेहताभाईंना, गाठून म्हणालीस, "थांबा. संडासाची टाकी तिथून चाळीस पावलांवर आहे. मधे हाच भेगांचा दगड आहे. मला बघू द्या." खड्ड्याची भिंत दोन्हींच्या मधल्या रेषेतच होती, म्हणून तर तू परत तिथल्या भेगा काढायला घेतल्यास.

तुला तेव्हा तिसरा महिना. सकाळभर ओकाऱ्या, वाकून बसवेना. खड्ड्यात काढलेले कागद चिखलाने बरबटलेले. मी म्हटलं, दे इकडे, मी उतरवते. माझा हात स्थिर आहे, चाळीस वर्षं रांगोळी घालतेय. केबिन रोडवरून ग्राफचे कागद आणलेस आणि मी रोज दुपारी जेवणं उरकली की बसायची. चौकोन मोजून भेग न् भेग स्वच्छ शाईने उतरवली. अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरले, मी सायन्सचं काम करतेय म्हणून. शांती नगरच्या भाजीवालीला सुद्धा सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा है आंटी, टाइमपास होता है." मला राग आला होता तिचा.

आईने मला रांगोळी शिकवली तेव्हा पहिलं सांगितलं होतं, रेघ उघडी सोडायची नाही. ठिपक्यापासून निघाली की कुठेतरी नेऊन मिळवायची. उघडी रेघ घरात बरी नाही. आता तुझ्या कागदांवर कितीतरी भेगा अशाच अधांतरी संपलेल्या. एक दुसरीच्या अगदी जवळ येऊन थांबलेली, मधे दोन चौकोन मोकळे. मला वाटलं, पोरीला मळमळतंय, घाईत राहून गेलं असेल. मी मिळवून टाकल्या. तुला सांगायचं सुद्धा सुचलं नाही. चांगलं काम सांगून थोडंच करतात?

तू ते आकडे ऑफिसात कॉम्प्युटरला दिलेस. कडेला भोकं असलेल्या कागदाची लांब पट्टी घेऊन आलीस, चेहरा उतरलेला. टाकीतलं पाणी बोअरला पोचतं, आणि चांगलं वेगाने पोचतं. मीटिंगमध्ये तू तसं सांगितलंस. लोक कुरकुरले, पण ऐकलं. पंप बसला नाही. मी मागे बसून शेजारणीला कोपर मारलं, "ते नकाशे मी काढलेत."

महिन्याभराने तू माझ्याकडे आलीस. "काकू, खड्ड्यातले मूळ कागद तुमच्याकडेच आहेत ना? जरा ताडून बघायचंय." मी कौतुकाने काढून दिले. तू दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवलेस. बोट एका रेघेवर थांबलं, मग दुसऱ्या. तू मोजायला लागलीस. तेवीस झाल्या.

"काकू, ह्या इथे मिळत नव्हत्या."

"हो ना. मीच मिळवल्या. किती मोकळी टोकं राहिली होती बघ."

तू खाली बसलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू मला समजावत बसलीस. "जी भेग कुठे मिळत नाही, तिच्यातलं पाणी उभं राहतं, काकू. वाहत नाही. सगळं गणित मिळण्यावरच आहे."

मी म्हटलं, "जमिनीत काही असं मधेच संपतं का गं? दगडाच्या मागे जाऊन मिळत असेल. मला विचारशील तर काही अधांतरी संपत नाही. माणसांचं भांडण नाही संपत, भेग कशी संपेल?"

"मिळत असेलही. पण दिसलं नाही ते काढायचं नाही."

"आणि असलं तर?"

"असलं तर दुसऱ्या रीतीने बघायचं. काढायचं नाही."

हाच आपला वाद. पुढे दोन महिने येता-जाता तो चालू होता, जिन्यात, गच्चीत, वाटाणे सोलताना. कोणी हरलं नाही.

त्या तेवीस रेघा पुसून तू परत सगळं केलंस. आता उत्तर आलं, सांगता येत नाही. थोडंसं पोचेल, किंवा नाही पोचणार. तू तशीच उठून मेहताभाईंकडे गेलीस आणि मीटिंग बोलवायला लावलीस. मी म्हटलं, कशाला? गप्प बस ना, बोअर बंद आहे ते बरंच आहे. तू म्हणालीस, "चुकलेल्या कागदावर बंद ठेवायची नाही, काकू. खऱ्या कारणाने बंद ठेवू."

दुसरी मीटिंग. तू उभी राहिलीस, पोट दिसायला लागलं होतं. "मागचं उत्तर चुकीचं होतं. नकाशात काही रेघा चुकून जोडल्या होत्या."

कोणीतरी विचारलं, "कोणी जोडल्या?"

मी दुसऱ्या रांगेत होते. आमचे हे माझ्या शेजारी. सगळ्या बिल्डिंगला मी सांगून ठेवलेलं, नकाशे माझे. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "माझ्याकडूनच झालं ते."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले, प्रज्ञा. उठले नाही.

मग तू म्हणालीस, "पंधरा दिवस द्या. माझ्याकडे एक रंग आहे, निरुपद्रवी असतो. टाकीत टाकू आणि बोअरचं पाणी रोज बघू. रंग आला तर वाट आहे. नाही आला तर बघू."

मेहताभाई म्हणाले, "बेन, पहले आप बोला पानी खराब है. अभी बोलता है पक्का नहीं. पंद्रह दिन बाद तीसरा कुछ बोलेगा." लोक हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "मॅडमना आता आराम करू द्या." हात वर करायला सांगितले. बोअर जोडावी, असं कोणाकोणाला वाटतं?

माझाही हात वर होता. गुडघे दुखत होते गं. तिसरा मजला, दोन बादल्या. पण हे कारण मी स्वतःला नंतर दिलं. त्या वेळी एवढंच होतं, की सगळ्यांचे हात वर असताना माझाच खाली राहिला, तर लोक माझ्याकडे बघतील.

मी उभी राहून एक वाक्य बोलायचं होतं. "चूक माझी, पोरीचं ज्ञान पक्कं आहे." मग तुझे पंधरा दिवस तुला मिळाले असते. हे मी रोज म्हणते. ह्यांना म्हणते, ह्यांना आता ऐकून कंटाळा आलाय.

पंप बसला. नळाला पाणी आलं, बायकांनी पेढे वाटले. तू तुझ्या घरी वीस मिनिटं उकळून प्यायचीस, बाहेर जाताना बाटली बरोबर. सगळ्यांना सांगत होतीस, उकळा, उकळा. कोणी हो म्हणायचं, कोणी हसायचं. मी उकळायची. कधी गॅस संपत आलेला असायचा, तेव्हा नाही उकळायची.

आणि मग तुझं डोहाळजेवण. माझ्याच घरी केलं, कारण तुझी आई एवढ्या लांबून येऊ शकली नाही. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, तुझा मिलिंद दारात लाजून उभा. तू किती गोड दिसत होतीस ते आता लिहवत नाही. मी कैरीचं पन्हं केलं होतं. तू पिशवीतून तुझी बाटली काढलीस आणि मी डाफरले, "अगं, ओटी भरताना बाटली काय काढतेस? माझ्या हातचं नको का तुला?" तू माझ्याकडे बघितलंस, बाटली खाली ठेवलीस आणि पेला संपवलास.

त्या दिवशी पाणी उकळलं होतं की नव्हतं, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी त्या सकाळी परत परत जाऊन उभी राहते. पातेलं दिसतं, कैऱ्या दिसतात, पातेल्याखालची शेगडी काही दिसत नाही.

मग कावीळ निघाली. आपल्या बिल्डिंगमध्ये चौघांना. बाकीचे तिघं महिन्याभरात उठून बसले. नया नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट. मी त्यांना विचारलं, कुठून आली असेल? म्हणाले, पाण्यातून. मी म्हटलं, कुठल्या पाण्यातून, कुठल्या दिवशीच्या? ते म्हणाले, "आजी, हे कोणी सांगू शकत नाही." मी तेच पन्हं दोन पेले प्यायले होते. मला काहीसुद्धा झालं नाही. आठवडाभर मी रोज आरशात डोळे बघायची. पांढरे ते पांढरेच.

तुझ्या तेराव्याच्या आतच जिन्यात बोलणं सुरू झालं. "तीच तर म्हणाली होती, पाणी चांगलं आहे म्हणून." "एवढी शिकलेली, आणि बघा." तू तसं म्हणालीच नव्हतीस! तू म्हणालीस, सांगता येत नाही, पंधरा दिवस द्या. पण गेलेल्या माणसाचं बोलणं लोक आपल्या सोयीने उतरवून घेतात. माझ्यासारखंच.

तेव्हा सोसायटीने तुझ्यासाठी शोकसभा ठेवली, तिथे मी उठले. खुर्ची धरून उभी राहिले. म्हटलं, "तेवीस रेघा मी जोडल्या होत्या. तिने सांभाळून घेतलं आणि मी घेऊ दिलं. तिने पंधरा दिवस मागितले होते, ते तुम्ही दिले नाहीत, कारण तुम्हाला ती कच्ची वाटली. ती कच्ची नव्हती, कच्ची मी होते. आणि बोअर जोडताना माझाही हात वर होता."  पंखा चालू होता. एकजण म्हणाला, "जाऊ द्या काकू, आता बोलून काय." आमचे हे खाली बघत होते. घरी आल्यावर त्यांनी मला पाणी दिलं, आणि पहिल्यांदा स्वतः उकळून दिलं.

दुसऱ्या दिवशी मेहताभाई दारात. कावीळ निघाल्यावर बोअरच्या पंपाला त्यांनीच कुलूप घातलं होतं, त्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आंटी, वो कलर वाला... कर लो. मैं भी आऊंगा."  त्यांची नात त्या तिघांतली होती.

मिलिंदने तुझ्या कपाटातून बाटली काढली. नारिंगी भुकटी, पाण्यात पडली की हिरवी. आम्ही तिघांनी ती टाकीत ओतली. मग रोज सकाळी बोअरचं पाणी काचेच्या पेल्यात घ्यायचं, मागे काळं कापड धरायचं आणि उन्हात बघायचं. तू चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतंस तसंच. पहिला दिवस काही नाही. चौथा दिवस नाही. मी देवाजवळ काय मागत होते कुणास ठाऊक. रंग आला तर तुझा जीव त्याच पाण्याने घेतला. नाही आला, तर मग माझ्या घरच्या पन्ह्यात ते आणखी कुठून आलं?

अकराव्या दिवशी मिलिंद म्हणाला, "काकू, बघा." कोवळ्या पोपटाच्या पिसासारखा, अगदी पुसट. मेहताभाईंनी पेला त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः उन्हात धरून बघितला. त्याच दिवशी बोअर दगड-सिमेंट घालून बुजवली. आता टँकर येतो. मी एकच बादली वर नेते, मधे दोनदा बसते. जिन्यात आता तुझ्याबद्दल कोणी तसं बोलत नाही. बोललं तर मेहताभाईच अडवतात.

एवढं झाल्यावर मला वाटलं होतं, निदान आपला वाद तरी मिटला. वाट होतीच, म्हणजे माझ्या रेघा बरोबर. मी तुझे कागद काढून बसले, आणि लगेच तुझा आवाज कानात. "काकू, रंग आला म्हणजे वाट आहे, एवढंच कळलं. ती तुमच्याच रेघांवरून गेली कशावरून? दुसरीकडून कुठून गेली असेल." खरं आहे गं. असेल. त्या तेवीसांतली एकसुद्धा खरी नसेल. आणि तू समोर नाहीस. मी दोन्ही बाजूंनी बोलते, आणि तुझ्या बाजूने बोलले की माझी बाजू नेहमी हरते.

तुझ्यामुळे मी ह्या वयात काय काय शिकले, ते तुला कधी सांगितलं नाही. बाकीच्यांनी मला स्वयंपाक विचारला, तू मला दगड सांगितलास. मी चूक केली तरी तू मला मूर्ख समजली नाहीस. तुझ्या जागी मी असते तर भर सभेत नाव घेतलं असतं. घ्यायचं होतंस, प्रज्ञा. माझी चार दिवस बदनामी झाली असती, आणि तू इथे बसली असतीस.

हे लिहिता लिहिता दुपार झाली. हे झोपलेत. मिलिंद पुढच्या आठवड्यात खोली सोडतोय, परभणीला तुझ्या आईकडे जाऊन येणार आहे म्हणतो, मग बघू म्हणतो. समोरच्या दाराला कुलूप लागलं की मला गॅलरीत उभं राहवणार नाही. तेव्हा त्याच्या आधी ये. स्वप्नात ये, नाहीतर अशीच ये, मी घाबरणार नाही. मला बोल लाव, ओरड, तेव्हा ओरडली नाहीस ते सगळं आता ओरड. फक्त लवकर ये गं.